व्हिडिओकलेतील आत्मशंका

कॅमेरा स्वतःकडे वळवून आपली अहंता आणि आपल्या निर्मितीविषयीची शंका हाच कृतीचा विषय करणे, ही प्रायोगिक व्हिडिओकलेतील एक महत्त्वाची धारा आहे. चित्रकारांची आत्मचित्रे जुनीच; परंतु फिल्म रसायनशाळेतून धुऊन येईपर्यंत आपण कसे दिसतो हे चित्रपटकाराला कळत नसे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात सोनीचा पोर्टापॅक हा एकट्याने वाहून नेता येणारा व्हिडिओ कॅमेरा व रेकॉर्डरचा संच आला आणि चित्रण चालू असतानाच स्वतःची प्रतिमा मॉनिटरवर पाहता येऊ लागली. या धारेचे मूळ कलावंतांच्या स्वभावापेक्षा या सोयीत अधिक आहे.

अमेरिकन कलावंत व्हीटो अकॉन्ची यांनी ‘सेंटर्स’ या व्हिडिओत (१९७१) सुमारे बावीस मिनिटे मॉनिटरवरील स्वतःच्या प्रतिमेच्या मध्यावर बोट रोखून धरले आहे. हात थकतो, बोट ढळते, पुन्हा सावरते. आणि ते आपल्यावरच रोखले आहे, असे प्रेक्षकाला वाटत राहते. त्याच वर्षी जॉन बाल्डेसारी यांनी हातापायांच्या साध्या हालचाली करीत ‘मी कला निर्माण करीत आहे’ हे एकच वाक्य इतक्या वेळा उच्चारले, की त्यातील ठामपणा हळूहळू झिजत जातो.

या धारेतील सर्वांत अस्वस्थ करणारी कृती मात्र रिचर्ड सेरा आणि नॅन्सी होल्ट यांची ‘बूमरँग’ (१९७४) होय. होल्ट यांनी कानांवर हेडफोन लावले आहेत आणि त्यांचेच शब्द किंचित उशिराने त्यांना ऐकू येतात. आपल्याला काय होत आहे, हे त्या शांतपणे सांगू पाहतात. पण मागील शब्द पुढच्या शब्दाला आडवा येतो, वाक्य अडखळते आणि बोलणारी व्यक्ती स्वतःपासूनच तुटत जाते.

कलासमीक्षक रोझलिंड क्राउस यांनी १९७६ मध्ये ‘ऑक्टोबर’ या नियतकालिकात आत्ममग्नता हेच व्हिडिओचे लक्षण मानले. ‘बूमरँग’ मात्र माध्यमाची आतून चिकित्सा करते, हेही त्यांनी ओळखले होते, आणि ही नोंद मूळ सिद्धान्ताइतकीच मोलाची आहे.

पुढे १९८०च्या दशकात चित्रपटकार जॉर्ज कुचर व्हिडिओ रोजनिशीकडे वळले. वादळे पाहण्यासाठी ओक्लाहोमात जाऊन मोटेलच्या खोलीत एकट्याने काढलेले दिवस त्यांनी टिपले. संकलन ते बहुधा कॅमेऱ्यातच करीत: फीत मागे नेऊन नको वाटलेल्या क्षणावर नवे दृश्य चित्रित होई आणि जुने कायमचे पुसले जाई.