जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा : खर्चावरील लोकदेखरेख

गरिबी निर्मूलनाच्या केंद्रपुरस्कृत योजनांचा निधी जिल्ह्यात ज्या यंत्रणेमार्फत खाली पोचतो, तिच्या खर्चावर लोकप्रतिनिधी, लेखापरीक्षक आणि ग्रामसभा यांनी ठेवायची नजर. महाराष्ट्रात या यंत्रणेचे कार्यालय बहुधा जिल्हा परिषदेच्या आवारातच असते आणि बोलताना सगळे तिला ‘डीआरडीए’ म्हणतात. तिचा कारभार प्रकल्प संचालक पाहतो.

गरीब कुटुंबांना कर्ज व अनुदान देणारा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातील सर्व विकासगटांत लागू झाला. त्याच सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत या यंत्रणा स्थापन झाल्या. त्या शासनाचा विभाग नव्हत्या, संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली नोंदलेल्या सोसायट्या होत्या. यामागचा विचार व्यवहारी होता. कोषागारात बिल अडकू नये, मार्चअखेर निधी व्यपगत होऊ नये, दिल्लीचा पैसा थेट जिल्ह्याच्या बँकखात्यात यावा. तसा तो येऊ लागला, पण राज्याच्या तिजोरीला वळसा घालून. त्यामुळे तो राज्याच्या अर्थसंकल्पात दिसत नसे आणि विधिमंडळापुढे येणाऱ्या विनियोजन लेख्यांतही (मंजूर रक्कम आणि झालेला खर्च यांच्या हिशेबात) नसे. ज्या सोयीसाठी सोसायटी काढली, तिनेच नेहमीची पहारेकऱ्यांची साखळी तुटली. २०१४-१५ च्या अर्थसंकल्पापासून केंद्राने हा निधी पुन्हा राज्याच्या एकत्रित निधीतून पाठवायला सुरुवात केली. मधली तीन दशके देखरेखीची पर्यायी व्यवस्था उभारण्यात गेली.

पहिली फळी कागदाची. सोसायटीच्या हिशेबांचे लेखापरीक्षण सनदी लेखापाल करत असे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या १९७१ च्या अधिनियमातील कलम १४ नुसार, एखाद्या संस्थेला वर्षात किमान २५ लाख रुपयांचे शासकीय अनुदान किंवा कर्ज मिळाले आणि ते तिच्या एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांहून कमी नसले, तर महालेखापरीक्षकही तिचे हिशेब तपासतात. डीआरडीए या व्याख्येत सहज बसत असे. जिल्ह्यात खरा धाक मात्र केंद्राच्या निधीच्या दुसऱ्या हप्त्याचा असे. उपलब्ध निधीपैकी ६० टक्के खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि आदल्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल गेल्याशिवाय तो सुटत नसे. त्यातून वाट काढायची रीतही लवकरच रुळली. पंचायत समितीला रक्कम वर्ग झाली की ती ‘खर्च’ म्हणून दाखवायची. प्रमाणपत्र खरे आणि गावात वीटही नाही, अशी स्थिती त्यामुळे शक्य होती. महालेखापरीक्षकांच्या अहवालांत आगाऊ रकमा खर्चात धरल्याचा आक्षेप पुन्हा पुन्हा आढळतो.

दुसरी फळी निवडून आलेल्यांची. १ एप्रिल १९९९ पासून लागू झालेल्या डीआरडीए प्रशासन योजनेत (यंत्रणेच्या प्रशासकीय खर्चाचा वाटा केंद्र ७५, राज्य २५ टक्के) नियामक मंडळाचे अध्यक्षपद जिल्हा परिषद अध्यक्षांकडे देण्यात आले. जिल्ह्यातील खासदार व आमदार त्याचे सदस्य असत. पंचायत समित्यांच्या सभापतींपैकी एकतृतीयांश जण आळीपाळीने एका वर्षासाठी येत. मंडळाची बैठक तिमाहीला घ्यायची असे. याशिवाय खासदारांच्या अध्यक्षतेखाली पूर्वी दक्षता व सनियंत्रण समिती होती. २०१६ मध्ये तिची जागा जिल्हा विकास समन्वय व सनियंत्रण समितीने, म्हणजे ‘दिशा’ने घेतली. या बैठकांत काय होते, ते इतिवृत्त वाचले की कळते. योजनानिहाय उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी असा तक्ता येतो आणि सदस्य आपापल्या गटातील राहिलेली कामे मांडतात. मागणीचा सूर चढा असतो, तपासणीचा क्वचितच लागतो.

तिसरी फळी गावाची, आणि या विषयातला कस तिथेच आहे. लेखापरीक्षकाला व्हाउचर दिसते, गावाला म्हैस दिसते. एकात्मिक कार्यक्रमात दुभत्या जनावरासाठी बँकेचे कर्ज आणि त्यावर अनुदान मिळे. विम्यासाठी जनावराच्या कानात बिल्ला मारावा लागे. तेच जनावर दोन लाभार्थ्यांच्या नावे दाखवल्याच्या, बिल्ला सापडला पण म्हैस नाही अशा तक्रारी त्या काळी सर्रास होत्या. फाइलीत पावती, दाखला, फोटो सगळे जागच्या जागी. खोटे उघडे पाडू शकणारे शेजारी होते आणि त्यांना ती फाइल बघायला मिळत नव्हती.

ती मागण्याची रीत राजस्थानात घडली. मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. हजेरीपत्रके आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली गेली. ज्यांची नावे होती त्यांनीच उठून आपण त्या कामावर गेलो होतो की नाही ते सांगितले. पुढे महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा २००२ मध्ये आणि केंद्राचा २००५ मध्ये आला. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावानेच कामे व खर्च तपासणे, बंधनकारक केले. २०११ च्या नियमांनी ते सहा महिन्यांतून एकदा करायचे ठरले आणि त्यासाठी अंमलबजावणी यंत्रणेपासून स्वतंत्र कक्ष आला. आंध्र प्रदेशाने याबाबत इतरांच्या पुष्कळ आधी मजल मारली होती. १९७२ पासून रोजगार हमी चालवणाऱ्या महाराष्ट्राने मात्र विधिमंडळाच्या समितीवर भिस्त ठेवली, गावाच्या वाचनावर नाही. हे थोडे खटकते.

आज घरकुलांच्या बाबतीत ही देखरेख सर्वांत जवळून दिसते. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागात १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने थेट लाभार्थ्याच्या खात्यात जातात. प्रत्येक टप्प्यावर बांधकामाचा अक्षांश-रेखांशासह फोटो चढवावा लागतो. पाया, छज्जा, छत असे टप्पे त्यावरून पडताळता येतात. फोटो सांगत नाही ते ग्रामसभेत ‘ड यादी’ (आधीच्या यादीतून सुटलेल्या कुटुंबांची यादी) वाचताना निघते : कोणाचे पक्के घर आधीच आहे, कोण वेगळे रेशनकार्ड काढून दुसऱ्यांदा आले, कोणाचे नाव यादीत असून जागाच नाही. सभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती न भरल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. वादग्रस्त यादी नेमकी तेव्हाच मंजूर होण्याची शक्यता असते.

केंद्राने १ एप्रिल २०२२ पासून डीआरडीए प्रशासन योजना बंद केली आणि यंत्रणा जिल्हा परिषदांत विलीन करण्यास राज्यांना सांगितले. लोकांनी निवडलेल्या सभागृहासमोर हा खर्च यावा, असा त्याचा अर्थ होता. महाराष्ट्रात मात्र बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत त्याच मार्चमध्ये संपली, आरक्षणाच्या वादात निवडणुका लांबल्या आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. पुढची काही वर्षे सर्वसाधारण सभेपुढे मांडायचा प्रस्ताव आणि त्या सभेचा ठराव, दोन्हींवर एकाच अधिकाऱ्याची सही होत राहिली.