ऑनर किलिंग धर्मातून येतं का?

"ऑनर किलिंग फक्त एकाच धर्मात होतं, कारण त्यांच्या ग्रंथातच तसं लिहिलंय", हा इस्लामकडे बोट दाखवणारा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. पटकन पटतो, कारण बातम्यांत ठराविक देशांचीच नावं सारखी येतात.

आधी ग्रंथ बघू. घरच्यांनी इज्जतीसाठी मुलीला मारावं असा आदेश कुराणात नाही, उलट व्यभिचाराचा आरोप करणाऱ्याला चार साक्षीदार आणायला सांगितलेत आणि नाही आणले तर त्यालाच ८० फटके. सूरा (अध्याय) २४, आयत (वचन) ४, मोबाईलवर भाषांतर मिळतं, स्वतः वाचा.

आता बाकीचे धर्म. उत्तर भारतात हिंदू घरांत जात किंवा गोत्र मोडलं म्हणून खून झालेत, शीख आणि यझिदी (इराकमधला एक अल्पसंख्याक धर्म) घरांतही झालेत. आणि कॅथलिक इटली घ्या, तिथल्या फौजदारी कायद्यात कलम ५८७ होतं, बायको, मुलगी किंवा बहिणीला 'अब्रूसाठी' रागाच्या भरात मारलं तर शिक्षा फक्त ३ ते ७ वर्षं, हे कलम रद्द झालं थेट १९८१ मध्ये!

म्हणजे धर्म वेगळे, पण आतली समजूत तीच, की मुलगी कोणाशी लग्न करते यावर अख्ख्या घराण्याची अब्रू टांगलेली आहे. धर्माचा आधार मारणारे घेतात, हे खरंय, काही धर्मगुरू गप्पही बसतात. पण म्हणून 'त्यांची संस्कृतीच तशी' म्हणणंही चूक, कारण त्याच समाजातली आई, मावशी किंवा भाऊ कित्येकदा मुलीला लपवून बाहेर काढतात.