खासगी, चुंगी, बाँड: इंदूरच्या करदात्याला हिशेब कोण देतो?

निगमचं, म्हणजे इंदूर महापालिकेचं, बिल हातात पडलं की आपली नजर आधी तळच्या बेरजेवर जाते. वरच्या ओळी सहसा कुणी वाचत नाही: संपत्तीकर, समेकित कर, शिक्षण उपकर, नगरीय विकास उपकर, शिवाय जलकर आणि कचरा शुल्क. तीस जूनच्या आत भरलं तर सूट मिळते, म्हणून रांग लागते आणि पावती फाइलमध्ये जाते. पण रयतेचा पैसा तिजोरीत गेल्यावर त्याचा हिशेब कुणाला मिळतो, हा प्रश्न या शहरात निगमपेक्षा कितीतरी जुना आहे.

तो होळकरांच्या खासगीपासून सुरू होतो. 1734 मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे पेशव्यांनी खासगी जहागीर दिली. तेव्हापासून होळकरांच्या घरात दोन तिजोऱ्या झाल्या. दौलतीच्या, म्हणजे राज्याच्या, तिजोरीतून फौज आणि कारभार चाले, खासगीचा पैसा राणीच्या अखत्यारीत असे. अहिल्याबाईंनी (कारकीर्द 1767 ते 1795) काशी, गया, हरिद्वारपर्यंत घाट, मंदिरं आणि धर्मशाळा उभारल्या त्या मुख्यतः या खासगीतून. फौजेसाठी गोळा केलेल्या पैशाला धर्मकार्यासाठी हात लावायचा नाही, ही शिस्त त्या काळात दुर्मीळ होती आणि तिचं मोल मला फार वाटतं. तरी एक गोष्ट नजरेआड करू नये. खासगीचं उत्पन्नही गावांच्या महसुलातूनच येई. काशीच्या घाटाच्या पायऱ्यांत माळव्यातल्या शेतकऱ्याचा शेतसारा आहे.

या दोन तिजोऱ्यांचा निकाल लागला तो संस्थान विलीन झाल्यावर. 28 मे 1948 ला मध्य भारत राज्य झालं आणि 1949 मध्ये महाराजांची वैयक्तिक मालमत्ता कोणती आणि सरकारी कोणती, हे ठरलं. खासगीची मालमत्ता आणि तिचं उत्पन्न कायमचं सरकारजमा झालं. बदल्यात सरकारने दरसाल 2,91,952 रुपये अहिल्याबाईंच्या धर्मादाय कामांसाठी बाजूला काढायचे, तेही कायमस्वरूपी, असं लिहून दिलं गेलं. अहिल्याबाईंच्या घाटांची देखभाल अशा रीतीने राज्याच्या अर्थसंकल्पातली एक रक्कम झाली, म्हणजे सामान्य करदात्याच्या पैशातून व्हायला लागली. 1962 मध्ये तिच्यासाठी खासगी ट्रस्ट स्थापन झाला. पुढे हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या विक्रीवरून वाद पेटला आणि ही मालमत्ता कुणाची, यावर 2020 मध्ये उच्च न्यायालयाने आणि जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने या ट्रस्टला मध्य प्रदेशचा 1951 चा सार्वजनिक न्यास कायदा लागू होतो असं ठरवलं. सार्वजनिक न्यास म्हटला की नोंदणी आली, हिशेब आला आणि मालमत्ता विकण्याआधी परवानगी आली. एवढी साधी गोष्ट ठरायला साठ वर्षं गेली.

संस्थानी काळात तिजोरी भरे ती शेतसारा आणि सायर, म्हणजे मालाच्या ये-जा वरची जकात, यांवर. माळव्यात अफू हे नगदी पीक. शेतकरी सारा रोख भरू शके तो पुष्कळदा अफूच्या जोरावर. माल मुंबईकडे निघाला की इंग्रजांचा पास, म्हणजे परवाना, लागे आणि 1860 च्या दशकात बहुतेक काळ एका पेटीवरचा हा आकार 600 रुपये होता. पीक माळव्याचं, घाम माळव्याचा, पण त्यातला मोठा हिस्सा कलकत्त्याच्या सरकारकडे जाई.

त्याच सरकारला इंदूरचे महाराज दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 च्या सुमारास एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. खंडवा ते इंदूर रेल्वेसाठीचं हे कर्ज होतं, व्याज साडेचार टक्के आणि मुदत 101 वर्षं. म्हणजे वर्षाला साडेचार लाख रुपये व्याज. इंदूरला रेल्वे आली, व्यापार वाढला, पुढे गिरण्या उभ्या राहिल्या त्यातही या रेल्वेचा वाटा आहे. हे कर्ज दूरदृष्टीचंच होतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण व्यवहाराची मांडणी बघा. सावकार म्हणून दरबाराकडे करार होता, व्याजाचा दर होता, मुदत होती. हा कोट रुपया ज्यांच्या साऱ्यातून साठला त्यांच्या हाती यातला एकही कागद नव्हता.

1927 च्या नियमांनी होळकर सरकारने कापड गिरण्यांवर औद्योगिक कर बसवला आणि त्याचे खटले स्वातंत्र्यानंतरही सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालले. केंद्राचा प्राप्तिकर इथे लागू झाला 1 एप्रिल 1950 पासून. 1956 मध्ये मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि कचेऱ्या वाटल्या गेल्या: राज्याच्या विक्रीकर खात्याचं मुख्यालय इंदूरला, अबकारी आणि महालेखाकार ग्वाल्हेरला. आज राज्याच्या जीएसटीचा कारभार आपल्याच मोती बंगल्यातून चालतो.

शहराच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल 1976 चा, आणि त्याची आठवण आता फारच थोड्यांना आहे. तोवर शहरात माल आला की नाक्यावर चुंगी, म्हणजे शहराची जकात, भरावी लागे. ट्रक तासन्‌तास खोळंबत, चिरीमिरी चाले, व्यापारी वैतागलेले असत. त्या वर्षी चुंगी रद्द झाली, याचं कुणालाच वाईट वाटलं नाही. पण चुंगी हे निगमचं स्वतःचं उत्पन्न होतं. शहरात व्यापार वाढला की निगमची कमाई आपोआप वाढे. चुंगीच्या जागी राज्याने प्रवेश कर आणला. तो राज्याच्या तिजोरीत जमा व्हायचा आणि शहरांना त्याबदली चुंगी क्षतिपूर्ती, म्हणजे भरपाई, मिळायची. 1 जुलै 2017 ला प्रवेश करही जीएसटीत विरघळला, क्षतिपूर्ती मात्र अजून चालू आहे. ती किती आणि कधी द्यायची हे भोपाळ ठरवतं. विजेच्या बिलांची थकबाकी अनेकदा त्यातूनच कापून घेतली जाते. राजवाड्याजवळ आपण साडी घेतो, छप्पन दुकानवर पोहे खातो, त्यावरचा कर शहर कमावतं पण शहराच्या हाती थेट पडत नाही. निगमच्या हातात उरलेलं मोठं हत्यार म्हणजे संपत्तीकर, आणि तो वाढवायची कुणा महापौराची सहसा हिंमत होत नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 मध्ये शहरांना हक्क दिले, दर पाच वर्षांनी नेमल्या जाणाऱ्या राज्य वित्त आयोगाने शहरांच्या पैशाचाही आढावा घ्यायची तरतूद केली. कागदावर हे चांगलंच आहे, पण गेलेली चुंगी त्यातून भरून आलेली नाही.

खर्च मात्र शहराचा स्वतःचा आहे. 1978 मध्ये नर्मदेचं पाणी इंदूरला आलं. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर, तेही पाचशे मीटरहून जास्त उंचीवर चढवून. नळाला येणाऱ्या प्रत्येक बादलीत वीज आहे आणि तिचं बिल महिन्याला कोट्यवधींचं असतं. जलकरातून ते भागत नाही. म्हणून निगमने बाजाराची वाट धरली. 2018 मध्ये सुमारे 140 कोटींचे बाँड, म्हणजे कर्जरोखे, काढले. फेब्रुवारी 2023 मध्ये जलूदच्या 60 मेगावॉट सौर प्रकल्पासाठी 244 कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे) आले: व्याज 8.25 टक्के, मुदती तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांच्या. ते सामान्य गुंतवणूकदारालाही घेता आले आणि मागणी मूळ इश्यूच्या कितीतरी पट आली. वीजबिल कमी करायला कर्ज काढणं मला शहाणपणाचं वाटतं.

बाँड शेअर बाजारात नोंदले गेले की शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे 2015 चे नियम लागू होतात. पतमानांकन लागतं, हिशेब ठरल्या वेळी जाहीर करावे लागतात, कर्जफेडीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. ज्याने निगमला दहा हजार उधार दिले त्याला हे सगळं हक्काने मिळतं. ज्याने गेली तीस वर्षं संपत्तीकर भरला त्याला मिळते पावती. आणि 2024 मध्ये याच शहरात ड्रेनेजच्या न झालेल्या कामांची बिलं सादर करून पैसे उचलल्याचे गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. ती बिलं ज्या वस्त्यांतल्या कामांची होती, तिथल्या लोकांना कामाचं नाव, ठेकेदार आणि रक्कम आधी कळली असती तर पहिला प्रश्न त्यांनीच विचारला असता. आपल्या गल्लीत खोदलं गेलं की नाही, हे सांगायला लेखापरीक्षक लागत नाही.

म्हणून मागणी अगदी छोटी आहे. बाँडधारकाला जो हिशेब मिळतो, तो वॉर्डवार करून प्रत्येक झोन कार्यालयाच्या फलकावर दर सहा महिन्यांनी लावावा: किती कर जमला, क्षतिपूर्ती किती आली आणि त्यातून किती कापली गेली, कोणतं काम कुणाला दिलं आणि त्याचं किती बिल चुकतं झालं. पुढच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीआधी आपापल्या पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, हे लेखी मागता येईल.