ओसाकाची दाखल नोंदवही

दर वर्षी ऑक्टोबरात नोबेल पारितोषिकांच्या बातम्या येऊ लागल्या की स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांच्या टिपणांत एक प्रश्न हमखास दिसतो : क्रिस्परचा शोध कोणी लावला? अपेक्षित उत्तर जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंटिए असे असते, आणि त्यापुढे २०१२ हे संशोधनाचे व २०२० हे रसायनशास्त्राच्या नोबेलचे वर्ष लिहिलेले असते. जीवाणूंच्या एका विकराला हव्या त्या ठिकाणी डीएनए कापायला लावता येते हे या दोघींनी दाखवले, आणि त्या श्रेयाविषयी वाद घालण्याचे कारण नाही. वृत्तपत्रांनी मात्र तेव्हापासून क्रिस्परला ‘जनुकीय कात्री’ हे जे नाव चिकटवले आहे, त्यामुळे एक मोठी गैरसमजूत पसरली. कापण्याचे काम क्रिस्पर करतच नाही, ते काम तिच्या सोबतची प्रथिने करतात. क्रिस्पर ही जीवाणूच्या गुणसूत्रातली एक नोंदवही आहे, आणि तिची पहिली काही पाने १९८७ साली ओसाका विद्यापीठात वाचली गेली.

ओसाका विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवजन्य रोगांच्या संशोधन संस्थेत अत्सुओ नाकाता यांच्या प्रयोगशाळेत योशिझुमी इशिनो हे तरुण संशोधक काम करत होते. विषय अगदी साधा होता. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूत अल्कलाइन फॉस्फटेज नावाचे एक विकर असते. त्याच्या टोकाचे एक अमिनो आम्ल काढून टाकून त्याचे रूप बदलणारे ‘आयएपी’ नावाचे जनुक त्यांना वाचायचे होते. जनुक वाचून झाले, आणि जनुक संपल्यानंतरच्या भागात, जिथे काही विशेष असण्याची अपेक्षा नव्हती तिथे, २९ अक्षरांचा (डीएनएची अक्षरे चारच : ए, टी, जी आणि सी) एकच मजकूर पाच वेळा आलेला दिसला. दर दोन आवृत्तींच्या मध्ये ३२ अक्षरांचा एकेक तुकडा होता, आणि हे मधले तुकडे मात्र एकमेकांशी मुळीच जुळत नव्हते. त्यांनी शोधनिबंधाच्या शेवटी या विचित्र रचनेची नोंद केली आणि तिचा जैविक अर्थ माहीत नसल्याचे सरळ लिहून टाकले. हा निबंध १९८७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला.

ही पाच आवृत्ती वाचणे आज वाटते तितके सोपे नव्हते. त्या काळी डीएनएचा एकेरी धागा घेऊन त्याची नक्कल करायला विकर सोडत, नक्कल वेगवेगळ्या अक्षरांपाशी थांबेल अशी व्यवस्था करत आणि किरणोत्सारी तुकड्यांचे पट्टे क्ष-किरण फिल्मवर उमटवून डोळ्यांनी वाचत. ई. कोलायच्या या २९ अक्षरांत एका बाजूला ‘टीसीसीसीसीजीसी’ अशी सात अक्षरे येतात आणि चार अक्षरे सोडून पुढे ‘जीसीजीजीजीजीए’ अशी सात. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य उलटे वाचले तरी तेच राहते, हे आपण शाळेत गमतीने शिकलेलो असतो. डीएनएची गंमत त्याहून एक पायरी पुढची आहे, कारण तिथे उलटे वाचताना प्रत्येक अक्षराऐवजी त्याचा जोडीदार घ्यायचा असतो, ए साठी टी आणि जी साठी सी. वरच्या दोन सप्तकांवर हा नियम लावून पाहावा, ती तंतोतंत जुळतात. परिणामी एकेरी धागा स्वतःवरच दुमडून केसाच्या चिमट्यासारखा मिटतो आणि नक्कल करणारे विकर त्या गाठीपाशी अडखळते. फिल्मवर पट्टे नको तिथे उमटतात. इशिनो यांना हा क्रम खात्रीने लावण्यासाठी बरीच खटपट करावी लागली. इतकी खटपट करून वाचलेल्या मजकुराचा अर्थ लागत नाही, तरीही तो गाळून न टाकता छापायचा, हा काटेकोरपणा मला या साऱ्या कहाणीत सर्वांत मोलाचा वाटतो.

त्यांना अर्थ का लागला नाही, याचे उत्तर जीवशास्त्रापेक्षा ग्रंथालयशास्त्रात आहे. एखादा अनोळखी मजकूर कुठला आहे हे ओळखायचे तर तो ज्याच्याशी ताडून पाहायचा असे भांडार हवे. त्या वर्षी लॅम्डा किंवा टी७ अशा हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच जीवाणूभक्षी विषाणूंचे डीएनए पूर्ण वाचून झालेले होते. डीएनएच्या क्रमांची जपानची पेढी, डीडीबीजे, मिशिमा येथील राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेत त्याच सुमारास कामाला लागत होती. अमेरिका आणि युरोपातल्या अशाच पेढ्यांशी तिची देवाणघेवाण आज दररोज चालते, आणि तीनपैकी कोणत्याही एका ठिकाणी जमा झालेला क्रम तिन्ही ठिकाणी एकाच दाखल क्रमांकाने सापडतो. ग्रंथपालांना हा शब्द परका नाही, कारण ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल नोंदवहीत असाच क्रमांक मिळतो.

जपानी जीवशास्त्राला या संग्रहवृत्तीचे वेड म्हणावे इतके प्रेम आहे. १९८७ मध्येच युजी कोहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ई. कोलायचे सबंध गुणसूत्र तुकड्यातुकड्यांनी विषाणूंत भरून, ते तुकडे क्रमाने लावून, त्याचे एक ‘ग्रंथालय’च प्रसिद्ध केले. जीवशास्त्रज्ञ अशा संचाला खरोखरच ग्रंथालय म्हणतात. पुढे २००६ मध्ये त्याच जीवाणूचे एकेक जनुक काढून टाकलेले ३,९८५ वाण ‘केइओ संग्रह’ या नावाने तयार झाले आणि जगभरच्या प्रयोगशाळांना मिळू लागले. अशा कामांना मथळे मिळत नाहीत, पण त्यांच्यावाचून मथळेवाली कामे उभी राहत नाहीत.

पुढचा धागा स्पेनमध्ये सापडतो. आलिकान्ते विद्यापीठातले फ्रान्सिस्को मोहिका मिठागरात वाढणाऱ्या एका सूक्ष्मजीवाचा डीएनए वाचत असताना १९९३ मध्ये त्यांनाही सुमारे ३० अक्षरांच्या आवृत्ती आणि मधले निराळे तुकडे दिसले. असे आणखी कोणाला दिसले आहे का, म्हणून त्यांनी जुने वाङ्मय धुंडाळले आणि ओसाकाचा तो निबंध त्यांच्या हाती लागला. मिठागरातला जीव आणि आतड्यातला जीव यांचे नाते अतिशय दूरचे असल्याने, दोघांतही असणारी रचना निरर्थक नसावी असा तर्क त्यांनी केला. २००२ मध्ये या रचनेला क्रिस्पर हे नाव मिळाले. दरम्यान, अर्थ कळण्याआधीच क्षयरोगतज्ज्ञांनी तिचा उपयोग सुरू करून टाकला होता. क्षयाच्या जीवाणूतही अशीच रचना असते आणि कोणते मधले तुकडे आहेत व कोणते गळाले आहेत हे वाणागणिक बदलते. या हजेरीवरून वाण ओळखण्याची पद्धत १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि रोगाचा फैलाव कुठून कुठे झाला हे शोधण्यासाठी भारतासह अनेक देशांत वापरली गेली.

२००५ मध्ये उलगडा झाला. मोहिका आणि आणखी दोन गट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मधले तुकडे आता बऱ्याच भरलेल्या पेढ्यांतील क्रमांशी ताडून पाहिले, आणि त्यांतले काही जीवाणूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूंच्या डीएनएशी जुळले. म्हणजे हे विषाणूंचे नमुने होते. दोन वर्षांनी योगर्ट आणि चीज यांच्या विरजणातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जीवाणूवर प्रयोग करून डॅनिस्को कंपनीतील रोडोल्फ बारांगू, फिलिप ऑर्व्हाथ व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की विषाणूच्या हल्ल्यातून वाचलेल्या जीवाणूच्या नोंदवहीत त्या विषाणूचा तुकडा नव्याने दाखल झालेला असतो, तो काढून टाकला की प्रतिकारशक्ती जाते, आणि घातला की येते.

आता ही दाखल करण्याची क्रिया पाहू, कारण माझ्या मते सगळी करामत तिथे आहे. कॅस-१ आणि कॅस-२ ही दोन प्रथिने मिळून विषाणूच्या डीएनएचा एक छोटा दुहेरी तुकडा पकडतात. नोंदवहीच्या सुरुवातीला एक अग्रभाग असतो. ई. कोलायमध्ये आणखी एक प्रथिन त्या अग्रभागाला तीव्र बाक देते, त्यामुळे कॅस जोडीला नेमकी जागा सापडते. मग पहिल्या आवृत्तीच्या एका टोकाशी डीएनएचा एक धागा छेदून तिथे नव्या तुकड्याचे एक टोक जोडले जाते, आणि त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या टोकाशी समोरचा धागा छेदून तिथे नव्या तुकड्याचे दुसरे टोक. परिणामी आवृत्तीचे दोन धागे एकमेकांपासून सुटतात, एक नव्या तुकड्याच्या डाव्या बाजूला राहतो, दुसरा उजव्या बाजूला, आणि पेशीतली नेहमीची दुरुस्तीची यंत्रणा प्रत्येक एकेरी धाग्यासमोर त्याचा जोडधागा विणून टाकते. एका आवृत्तीच्या दोन झाल्या आणि मधे नवी नोंद बसली. इशिनो यांना दिसलेली मालिका अशाच पद्धतीने तयार झाली होती. नवी नोंद सहसा अग्रभागालगतच होत असल्याने ही वही कालक्रमाने लागलेली असते. अग्रभागाजवळच्या नोंदी ताज्या, दूरच्या जुन्या. जुन्या नोंदी अधूनमधून गळतात, ज्याला ग्रंथपाल निर्लेखन म्हणतात.

वहीचा उपयोग असा. साऱ्या नोंदींची आरएनएमध्ये एक लांबलचक नक्कल निघते, ती आवृत्तींच्या ठिकाणी कापली जाऊन एकेका नोंदीची चिठ्ठी तयार होते, आणि ती चिठ्ठी घेऊन कॅस प्रथिने पेशीत आलेला डीएनए तपासत फिरतात. मजकूर जुळला की तो डीएनए कापला जातो. येथे चौकस वाचकाला शंका यायला हवी. चिठ्ठीशी सर्वांत तंतोतंत जुळणारा मजकूर तर जीवाणूच्या स्वतःच्या नोंदवहीत आहे, मग ही प्रथिने आपलीच वही कशी फाडत नाहीत? उत्तर शिक्क्यात आहे. विषाणूच्या डीएनएवर जुळणाऱ्या मजकुराला लागून दोन-तीन अक्षरांची एक विशिष्ट खूण असावी लागते. डाउडना-शार्पेंटिए यांच्या कॅस-९ साठी ती २० अक्षरांच्या मजकुरानंतर कोणतेही एक अक्षर आणि मग जी-जी अशी असते. नोंद करताना तुकडा या खुणेच्या शेजारचाच निवडला जातो, पण खूण मागे सोडून दिली जाते, आणि वहीत त्या जागी आवृत्तीची अक्षरे येतात, जी खुणेशी जुळत नाहीत. कॅस प्रथिन आधी खूण शोधते आणि ती दिसली तरच तिथला दुहेरी पीळ उकलून मजकूर ताडून पाहू लागते. खुणेला लागून असलेल्या सुरुवातीच्या अक्षरांत चूक निघाली की ते बहुधा पुढे वाचतच नाही.

हे सगळे अक्षराला अक्षर भिडवण्याचे, अत्यंत स्थूल अर्थाने यांत्रिक काम आहे. म्हणून ध्वनीच्या कंपनांनी किंवा सामूहिक संकल्पाने ‘डीएनए सक्रिय’ करून देणाऱ्या शिबिरांच्या जाहिराती पाहिल्या की विचारावेसे वाटते, की तुमचे कंपन अब्जावधी अक्षरांतून नेमकी वीस अक्षरे कोणत्या खुणेवरून ओळखते? दुसऱ्या टोकाला, हव्या त्या बुद्धीचे आणि उंचीचे मूल क्रिस्परने मागवता येईल असे सांगणारेही तितकेच हवेत बोलतात, कारण असे गुण एका नोंदीने ठरत नाहीत, त्यांत शेकडो-हजारो जनुकीय फरकांचा अल्पस्वल्प वाटा असतो.

एक विलक्षण योगायोग सांगायला हवा. ओसाकात ज्या ई. कोलायचा डीएनए वाचला गेला, त्या के-१२ या प्रयोगशाळेतल्या वाणात ही यंत्रणा असून नसल्यासारखी असते. एच-एनएस नावाचे एक प्रथिन तिची जनुके दाबून ठेवते, हे २०१० च्या सुमारास कळले. इशिनो यांनी त्या काळी विषाणू सोडून पाहिले असते तरी त्यांना बहुधा काहीच दिसले नसते.

जपानी प्रयोगशाळा पुढेही या विषयात राहिल्या. कॅस-९, चिठ्ठी आणि लक्ष्य डीएनए हे तिघे एकमेकांत कसे बसतात याची स्फटिकरचना टोकियो विद्यापीठातील हिरोशी निशिमासू आणि ओसामू नुरेकी यांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये मांडली. २०१७ मध्ये कानाझावा विद्यापीठातल्या अतिवेगवान सूक्ष्मदर्शकाने कॅस-९ डीएनए कापतानाची हालती चित्रेच टिपली. ओसाका विद्यापीठाच्या गटाने तर २०१९ मध्ये ई. कोलायचीच, म्हणजे इशिनो यांच्या वहीच्या मालकाची कॅस-३ यंत्रणा मानवी पेशींत चालवून दाखवली. ती एका जागी छेद देऊन थांबत नाही, तर एका दिशेने डीएनएचा लांब पट्टा कुरतडत नेते.

वैद्यकात याचे पहिले मान्यताप्राप्त फळ सिकलसेलच्या रुग्णांना मिळाले. विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी भागांत हा आजार काय असतो हे वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिलेल्या उपचारात रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशी बाहेर काढून, गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बंद ठेवणाऱ्या जनुकाचा एक नियंत्रक भाग कॅस-९ ने मोडतात आणि त्या पेशी परत सोडतात. जन्मानंतर थांबलेले ते हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. गडचिरोलीच्या रुग्णापर्यंत हा आकडा कसा पोहोचणार, याचे उत्तर प्रयोगशाळेत नाही.

नोंदवही मात्र अजून पूर्ण वाचून झालेली नाही. हजारो सूक्ष्मजीवांच्या अशा वह्या पेढ्यांत जमा आहेत, आणि त्यांतल्या बहुसंख्य नोंदी आजवर वाचलेल्या कोणत्याही विषाणूशी जुळत नाहीत. त्या विषाणूंची एकही प्रत अजून कोणत्याही पेढीत दाखल झालेली नाही.