जॉन साइक्सच्या गिटारमधला गंधार

चांगल्या गळ्याची माणसं खूप असतात, हातात जादू असलेले गिटारवादकही कमी नाहीत. पण वादकाची तार आणि त्याचाच गळा एकाच माणसाचे आहेत हे डोळे मिटून कळावं, असं क्वचित घडतं. जॉन साइक्सच्या बाबतीत ते घडतं, आणि त्यामागचं भौतिकशास्त्र समजल्यापासून माझं त्याच्यावरचं प्रेम वाढलंच आहे.

साइक्स हा रॉक गिटारवादक आणि गायक, इंग्लंडमधल्या रेडिंगचा, जन्म १९५९ चा. टायगर्स ऑफ पॅन टँग, मग थिन लिझी, मग व्हाइटस्नेक अशा रॉक बँडमध्ये तो वाजवायचा. व्हाइटस्नेकच्या १९८७ च्या गाजलेल्या अल्बममधली बहुतेक नवी गाणी त्यानं बँडचा गायक डेव्हिड कव्हरडेल याच्याबरोबर रचली. तो अल्बम बाजारात आला तेव्हा मात्र तो बँडमध्ये नव्हता. पुढे ब्लू मर्डर या स्वतःच्या बँडमध्ये त्यानं गायकाची जागाही घेतली. १९८९ चा तो पहिला अल्बम मी किती वेळा ऐकलाय याचा हिशेब नाही. वयाच्या ६५ व्या वर्षी तो गेला.

त्याची काळी गिब्सन लेस पॉल कस्टम कानाला आधी भिडते ती तिच्या खरखरीमुळे. या खरखरीला डिस्टॉर्शन म्हणतात. तारेचा संदेश ॲम्प्लिफायरला पेलवेल त्यापेक्षा मोठा केला, की लाटेचे उंच माथे कापले जातात. गोलसर लाट चौकोनी व्हायला लागते, आणि लाटेला कोपरे आले की तिच्यात वरच्या स्वरांशांची, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या उंच सुरांची, भर पडते. ११० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ११० कंपनांच्या, सुरात २२०, ३३०, ४४०, ५५० असे अंश मुळातच असतात. डिस्टॉर्शन त्यांना बळ देतं. दुसरा परिणाम मला त्याहून मोलाचा वाटतो. छेडलेली तार लगेच विझायला लागते, पण माथे आधीच कापलेले असल्यामुळे तार मंदावली तरी बाहेर येणारा आवाज बराच वेळ त्याच उंचीवर राहतो. सूर धरून ठेवणं हे एरवी गळ्याचं, बासरीचं, व्हायोलिनचं काम. इथे ते छेडून वाजवायच्या वाद्याला जमू लागतं.

आता यातली सर्वांत सुंदर गोष्ट. हार्ड रॉकचे वादक जड डिस्टॉर्शनवर पूर्ण कॉर्ड (एकत्र वाजवलेले तीन किंवा अधिक स्वर) सहसा वाजवत नाहीत, षड्ज आणि पंचम एवढेच दोन स्वर घेतात. त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. षड्ज ११० हर्ट्झचा धरला तर पंचम १६५ चा. हे दोन स्वर एकाच डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्या खरोखरच ऐकू येणारे नवे स्वर होऊन बाहेर पडतात. १६५ वजा ११० म्हणजे ५५: षड्जाच्या खालचा षड्ज, जो कुणी वाजवलेलाच नाही. म्हणून दोन तारांची कॉर्ड भिंतीसारखी भक्कम वाटते. आणि ११० अधिक १६५ म्हणजे २७५. हा ५५ च्या पाचपट, म्हणजे शुद्ध गंधार! तानपुऱ्यातला स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा, गंधार ज्यांनी ऐकलाय त्यांना हे नातं लगेच कळेल. याउलट गंधाराची तार मुद्दाम छेडली, तर त्या स्वराच्या बेरजा-वजाबाक्या आपसात जुळत नाहीत आणि चिखल होतो. साइक्सच्या रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या छोट्या ओळी) एवढ्या जड असूनही स्वच्छ ऐकू येतात, त्याचं निम्मं श्रेय मी या गणिताला देतो. उरलेलं त्याच्या उजव्या हाताचं.

डावा हात पाहायचा तर व्हायब्रॅटो, म्हणजे सुराला दिलेला कंप, पाहावा. तारेचा सूर तिच्यावरच्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. बोटानं तार आडवी ओढून सूर पूर्ण एका स्वरानं चढवायचा, तर ताण सुमारे सव्वापट करावा लागतो. बोटांच्या टोकांना हे चांगलंच जाणवतं. गायकाचा कंप मूळ सुराच्या वरही जातो आणि खालीही, सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा. आडव्या ओढीनं मात्र तार फक्त वर जाते. मग आधी तार ओढून सूर चढवायचा आणि चढवलेल्या जागी ती किंचित सोडत-ओढत राहायचं. तेव्हाच कंप दोन्ही बाजूंना होतो. साइक्सचा व्हायब्रॅटो रुंद आहे, पण तो सूर हरवत नाही. एवढ्या ताणाखाली बोट स्थिर ठेवून ही अचूकता साधणं मला आजही थक्क करतं.

त्याच्या किंचाळणाऱ्या पिंच हार्मोनिक्सचं तंत्रही नाजूक आहे. मिझराबीसारख्या पिकनं तार छेडल्याबरोबर अंगठ्याची कड तिला क्षणभर टेकते. मूळ सूर दबतो, आणि ज्यांचा स्थिर (कंपनात न हलणारा) बिंदू नेमका त्या जागी येतो ते वरचे अंशच जिवंत राहतात. अंगठा काही मिलिमीटर सरकला तर वेगळीच शीळ येते.

गाणं सुरू झालं की खरी अडचण येते. आपला कान २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. तिथेच गिटार गर्दी करते आणि गळ्यालाही तिथेच चमकायचं असतं. थोडी मदत गिटारच्या स्पीकरकडून मिळते: ५ हजारांच्या वर तो झपाट्यानं उतरतो, त्यामुळे गायकाचे स, श आणि श्वास मोकळे राहतात. बाकी जागा रचनेनंच द्यावी लागते. ब्लू मर्डर तिघांचा बँड: ड्रमवर कार्माइन अपीस, फ्रेटलेस (पडदे नसलेल्या) बास गिटारवर टोनी फ्रँकलिन. तिथे ओळ गायची वेळ आली की साइक्सची गिटार आखडती होते आणि ओळ संपली की उसळते. स्वतःच्या श्वासाचा अंदाज असलेला माणूसच असं रचू शकतो. त्याच्या सोलोंमध्येही, म्हणजे गिटारच्या एकल तुकड्यांमध्येही, श्वासाच्या जागा सापडतात.

वाद्य ओळखताना कान सुराच्या पहिल्या आघातावर बराच विसंबतो. ध्वनिमुद्रणातून तो भाग कापला तर ओळखीची वाद्यंही परकी वाटतात. व्हाइटस्नेकच्या ‘इज धिस लव्ह’मधला साइक्सचा संथ सोलो लावा, त्यातला एखादा लांब सूर पकडा, पिकचा आघात कानाआड करा आणि फक्त मधला, कंप पावणारा भाग ऐका. त्या अर्ध्या सेकंदात मला तार ऐकू येत नाही, गळा ऐकू येतो.