एचएमआय आणि पीएचआय: रेषा एकच, मग आकडे वेगळे का?

नावं इतकी सारखी आहेत की मी स्वतः बरेच दिवस घोळ घालायचो. एचएमआय हे नासाच्या एसडीओ यानावरचं यंत्र, फेब्रुवारी २०१० ला वर गेलेलं, आणि पीएचआय सोलर ऑर्बिटरवरचं, तो युरोपचा, फेब्रुवारी २०२० चा. दोघंही सूर्याच्या पृष्ठभागाचे चुंबकीय नकाशे काढतात, तेही लोखंडाच्या त्याच ६१७३ अँगस्ट्रॉमच्या रेषेवरून (सूर्याच्या वर्णपटातली एका ठराविक तरंगलांबीची काळी रेघ), मग पीएचआय म्हणजे जवळ नेऊन ठेवलेला एचएमआयच की, असं वाटतं. तसं नाहीये.

मुळात चुंबकीय क्षेत्र (त्याचं एकक गॉस) थेट कोणीच मोजत नाही. क्षेत्र असलं की झीमन परिणामाने ती रेषा फुटते, प्रकाशाचं ध्रुवीकरण होतं (त्याच्या लहरी ठराविक दिशेने डोलतात), यंत्र सहा तरंगलांबींवर तेवढंच टिपतं आणि पुढे सॉफ्टवेअर उलटं गणित मांडून सांगतं की इथे अमुक क्षेत्र असणार. म्हणजे फिल्टर, नॉईज, गणिताची पद्धत, यातलं काहीही बदललं की आकडा हलतो.

एचएमआय पृथ्वीभोवती फिरतो, त्यामुळे डेटा पाठवायला अडचण नाही, ४०९६ बाय ४०९६ चा अख्ख्या सूर्याचा नकाशा दर ४५ सेकंदांनी. पण त्या फिरण्यामुळेच सूर्याच्या दिशेने त्याचा वेग दिवसभरात सेकंदाला ३ किलोमीटरपर्यंत मागेपुढे होतो, रेषा सरकते आणि मोजलेल्या क्षेत्रात १२ आणि २४ तासांची एक लाट उमटते जी सूर्यावर नसतेच! पीएचआयची गोष्ट निराळी. तो सूर्याभोवती लांबट कक्षेत, जवळ आला की ०.२८ खगोलीय एककावर (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे १ एकक), दुर्बिणी दोन (एक पूर्ण सूर्य बघते, दुसरी छोटा तुकडा बारकाईने), आणि डेटा पाठवायची मर्यादा इतकी की ते उलटं गणित यानावरच उरकून फक्त निकाल खाली धाडायची सोय करून ठेवलीये.

आता हे दोघं जुळवायचे कसे? वेगवेगळ्या बाजूंनी बघत असतील तर फरक यंत्राचा की कोनाचा हे कळणारच नाही, म्हणून दोघं जवळपास एका रेषेत यायला हवेत. ७ मार्च २०२२ ला सोलर ऑर्बिटर सूर्य आणि पृथ्वीच्या मधोमध आला, दोघांत फक्त ३ अंशांचा फरक. तरी काम सरळ नव्हतं, कारण अर्ध्या अंतरावर असल्यामुळे तोच प्रकाश त्याच्यापर्यंत साधारण ४ मिनिटं आधी पोचतो, तो हिशोब धरायचा, एचएमआयचा नकाशा ३ अंश वळवायचा आणि पीएचआयचा मुद्दाम धूसर करून एचएमआयच्या पातळीला आणायचा. (चांगला फोटो खराब करून तुलना, ऐकायला विचित्र आहे पण न्याय्य तेच.)

नजरेच्या दिशेतल्या क्षेत्रासाठी दोघांच्या आकड्यांच्या आलेखाचा उतार आला ०.९७ (तंतोतंत जुळले असते तर १), सरसकट फरक १ गॉसपेक्षा कमी. भारीच! पण पूर्ण सदिश क्षेत्र (म्हणजे दिशेसकट) घेतलं की ६०० गॉसच्या खाली पीएचआय एचएमआयपेक्षा जास्त तीव्र आणि जास्त आडवं क्षेत्र दाखवतो, बहुतेक त्याच्या डेटातल्या जास्त नॉईजमुळे. म्हणून ‘दोघं जुळतात’ एवढंच म्हणून सोडू नये, काय जुळतं ते विचारावं.

याआधी सोहो यानावरच्या एमडीआयचे, म्हणजे एचएमआयच्या आधीच्या तशाच यंत्राचे, आकडे एचएमआयच्या साधारण १.४ पट निघाले होते. दोन्ही यंत्रं वर्षभर सोबत चालली म्हणून ते कळलं, नाहीतर जुना नवा डेटा जोडताना सूर्य अचानक मवाळ झाला असं कोणालाही वाटलं असतं.

आणि हो, आपल्या आदित्य-एल१ ला यात ओढू नका. त्यावरचा मॅग्नेटोमीटर एल१ बिंदूपाशी यानाला जे क्षेत्र जाणवतं ते मोजतो, नॅनोटेस्लात. पुण्याच्या आयुकाने बनवलेला सूट अतिनील फोटो काढतो. सूर्याच्या पृष्ठभागाचा चुंबकीय नकाशा दोघांपैकी कोणीच देत नाही.

मार्च २०२५ मध्ये सोलर ऑर्बिटर सूर्याच्या विषुववृत्ताखाली १७ अंशांवर गेला आणि पीएचआयला दक्षिण ध्रुवाजवळ उत्तर-दक्षिण दोन्ही ध्रुवता मिसळलेल्या दिसल्या. पृथ्वीवरून फार तर ७ अंशांचा कोन मिळतो, म्हणजे एचएमआयला तो भाग अगदी कडेला, तिरका दिसतो. त्या कोनातून ताडून बघायला दुसरं यंत्र नाही, हाताशी आहे ते २०२२ मध्ये जुळवून ठेवलेलं गणित.