गाठ शेकणं आणि गाठ जाळणं: जनुकांच्या बाजूने पाहिलं तर

परळला टाटात दाखवायला गेलेल्या पेशंटच्या कागदावर ‘हायपरथर्मिया’ लिहिलंय की ‘अब्लेशन’, हे नीट वाचा. कॅन्सरची गाठ दोन्हीत तापवतात, पण पेशींच्या आत घडतं ते अगदी वेगळं.

हायपरथर्मियात गाठ ४० ते ४३ अंश सेल्सिअसला साधारण तासभर ठेवतात. म्हणजे कडक तापापेक्षा थोडंसंच जास्त. बऱ्याचशा पेशी जिवंत राहतात आणि उष्णतेला उत्तर देतात. प्रथिनांच्या घड्या विस्कटल्या की एरवी दाबून ठेवलेलं एचएसएफ१ (उष्णतेत जनुकं चालू करणारं प्रथिन) मोकळं होतं, तिघांची जुडी करून डीएनएवर बसतं आणि एचएसपी७० चं, म्हणजे विस्कटलेल्या प्रथिनांना सावरणाऱ्या प्रथिनाचं, जनुक चालू करतं. जनुकाची आरएनए ही नक्कल वापरण्याआधी तिच्यातले इंट्रॉन, म्हणजे मधले बिनकामाचे तुकडे, कापून उरलेलं जोडावं लागतं; उष्णतेत ही कापजोड अडते, पण या जनुकात इंट्रॉनच नाहीत. त्यामुळे बाकीची जनुकं थंडावली तरी याचं काम चालूच. पेशी काही काळ उष्णतेला निबर होतात, म्हणून दोन बैठकांत निदान ४८ ते ७२ तासांचं अंतर ठेवतात. लागोपाठ दोन दिवस शेकलं तर दुसरा शेक बराचसा वाया जातो.

इथेच एक चूक नेहमी होते. ४१ ते ४२.५ अंशांना बीआरसीए२ (तुटलेला डीएनए दुरुस्त करणारं प्रथिन) कमी होतं ते जनुक बंद पडून नव्हे, तयार प्रथिनच मोडीत निघतं. आरएनए मोजून हे दिसणार नाही, प्रथिन मोजणारी वेस्टर्न ब्लॉट चाचणीच हवी. डीएनएची दुरुस्ती अशी लंगडी पडते म्हणूनच रेडिएशन आणि शेक वेळेने जवळजवळ देतात.

अब्लेशनमध्ये गाठीत सुई घालून ती विजेने तापवतात; सुईच्या टोकाजवळ ६० ते १०० अंश. ६० च्या वर प्रथिनं उकडलेल्या अंड्यासारखी गोठतात. तिथे जनुकांचा प्रश्नच उरत नाही. १०० च्या पुढे ऊतक करपतं, विद्युतरोध वाढतो आणि उष्णता पसरायची थांबते. शेजारी ३ मिलिमीटरहून जाड रक्तवाहिनी असली तर रक्त उष्णता वाहून नेतं. जळालेल्या भागाच्या कडेला ४१ ते ४५ अंशांचा पट्टा उरतो, आणि तिथे पुन्हा हायपरथर्मियाच चालू असतो: एचएसपी७० वाढतं, एचआयएफ-१अल्फाही (ऑक्सिजन कमी पडला की पेशींना तगवणारं प्रथिन) वाढतं. वाचलेल्या पेशी इथूनच उठतात, म्हणून गाठीबाहेर ५ ते १० मिलिमीटर जास्त जाळायचं.

अब्लेशननंतर जनुकं तपासायला नमुना जळालेल्या भागाच्या मध्यातून घेतला तर तुटका आरएनए मिळतो आणि ‘जनुकं बंद झाली’ असा भलताच निष्कर्ष निघतो. कडेचा नमुना आणि तापवण्याआधीचा नमुना, दोन्ही लागतात. संदर्भ-जनुक (ज्याच्याशी बाकीच्या जनुकांची तुलना करतात ते, न बदलणारं जनुक) म्हणून एचएसपी९०एबी१ घेऊ नका; उष्णतेने तेच हलतं.